भवानीचं गिऱ्हाईक

लुआ सकाळी कुठल्याही दुकानात पहिली कधी शिरत नसे. भाजीवालीपुढे चार बायका वाकलेल्या दिसल्या की मगच ती वाकायची. औषधाच्या दुकानातसुद्धा आधी कुणीतरी खोकल्याची बाटली घेऊन बाहेर पडेपर्यंत ती समोरच्या झाडाखाली घुटमळत राहायची. हायफाँगच्या बाजारपेठेत भवानीला फार मान. पहिली विक्री ज्याच्या हातची, तसा पुढचा दिवस. आणि चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात अख्खा महिना. काही माणसांची छाया हलकी असते, काहींची जड. हलक्या छायेचं माणूस दारात आलं की दुकानदार स्वतः खुर्ची पुढे करतो. जड छायेचं आलं आणि नुसतं बघून रिकाम्या हाताने गेलं, की त्याची पाठ वळताच कागदाचा तुकडा पेटवून उंबऱ्यावर ओवाळायचा आणि अवदसा घालवायची, अशी रीत.

लुआची छाया जड आहे हे ठरवलं कुणी, असं विचारायला जाल तर कुणालाच सांगता यायचं नाही. नवी नवरी असताना तिने एका तांदळाच्या दुकानात भवानी केली होती. त्याच आठवड्यात वादळ आलं आणि दुकानाचं छप्पर उडालं. वादळाने अर्ध्या शहराची छपरं नेली होती, पण खापर फुटलं लुआच्या डोक्यावर. पुढे तिचा नवरा बंदरात मालाखाली सापडून गेला, तेव्हा बोलणाऱ्यांना आणखी काय हवं होतं? पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का बसला तो बसलाच. तिच्या गाड्यावर खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया खायला हीच माणसं दाटीवाटीने बसत. तिच्या हातचा रस्सा चालायचा, तिचं पाऊल तेवढं चालायचं नाही.

आज नेमकी प्रतिपदा होती, आणि लुआ मुलाबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसली होती.

मुलाचं नाव खिएम. गेममध्ये लोक ज्या जंगलांतून पळतात, ज्या पडक्या भिंतींआड लपतात, ती जंगलं आणि त्या भिंती तो कॉम्प्युटरवर तयार करायचा. हानोईतल्या एका कंपनीने त्याला घरून काम करायला, दोन महिन्यांच्या परीक्षेवर घेतलं होतं. सोमवारी सुरुवात. अट एकच, यंत्र स्वतःचं आणि दमदार हवं. वसंतात त्याने एका ओळखीच्याकडून जुनं यंत्र घेतलं होतं. त्यातलं ग्राफिक्स कार्ड निघालं नांगराची म्हैस. इंटरनेटवरची आभासी नाणी काढण्यासाठी जी कार्डं महिनोनमहिने रात्रंदिवस राबवतात आणि मग धुऊन-पुसून विकतात, त्यांना इथे सगळे म्हैसच म्हणतात. ते कार्ड ऐन काम देण्याच्या आदल्या दिवशी बसलं. काम गेलं, गिऱ्हाईक गेलं, आणि खिएमने अंथरूण धरलं. कित्येक दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. लुआ रश्श्याचा वाडगा उशाशी ठेवायची आणि संध्याकाळी तसाच उचलायची. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. खिएम त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला होता. कुठलीही गोष्ट निवडायची म्हटलं की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा.

सुटे भाग मागवून यंत्र जोडायला आठवडा गेला असता. तेवढी सवड नव्हती. या दुकानात मात्र एक गेमसाठीचा कॉम्प्युटर तयार जोडलेला होता, भाव इंटरनेटवरच्या फोटोखाली लिहिलेला, आणि तो भाव खिएमच्या हिशेबाने जरा जास्तच चांगला होता. तेच त्याला खुपत होतं. दुकानदाराने निरोप धाडला होता की एकच नग उरलाय, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, हवा असेल तर सकाळीच या. लुआने तिथी सांगितली. खिएमला तिथ्या कधी ठाऊक नसत. मग दोघांनी ठरवलं की आधी कुणीतरी भवानी करू दे, मग खिएमने आत जायचं, आणि लुआने रस्ता ओलांडायचाच नाही.

पण भवानी करायला कुणी फिरकेना. दुकानदाराने शटर वर केलं, जमिनीवरच्या धनदेवतेच्या देव्हाऱ्यात उदबत्ती लावली, पेरू आणि केळी मांडली, आणि दारात येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत उभा राहिला. टपरीवरच्या गार चहातला बर्फ विरघळून गेला. खिएमचा गुडघा सारखा हलत होता.

"मीच जातो," तो म्हणाला. "माझी छाया काही जड नाही ना?"

"तुझी कशाला असेल?" लुआ म्हणाली. "पण पहिला जाशील तर रिकाम्या हाताने बाहेर येऊ नकोस. यंत्र पटलं नाही तर एखादी वायर तरी घे."

तो गेला. लुआला काचेच्या दारातून सगळं दिसत होतं. टेबलावर तो कॉम्प्युटर ठेवला होता. एका बाजूला काच, आत निळे, जांभळे, गुलाबी दिवे फिरताहेत, पंखे झळकताहेत. नवरदेवाच्या गाडीला लाजवील असा थाट. खिएम त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दुकानदार हात हलवून बोलत होता. खिएम मान हलवायचा, मग वाकून बघायचा, मग पुन्हा मान हलवायचा. मुलाचे कान लाल होत चाललेत हे लुआला रस्त्यापलीकडूनही कळत होतं. लहानपणापासून त्याचं मन कानांवर उमटायचं.

तिचा फोन वाजला.

"आई, जरा ये ना आत," खिएम दबक्या आवाजात म्हणाला. "मला ठरवता येत नाहीये."

"वेडा आहेस का? मी कशी येऊ? तूच बाहेर ये. वायर घे आणि ये."

"वायरीची भवानी घ्यायला तो तयार नाही. म्हणतो, प्रतिपदेला वायर विकली तर महिनाभर वायरीच विकत बसेन. आई, ये ना."

त्या आवाजात तिला तेच ऐकू आलं, जे वसंतात भिंतीकडे वळलेल्या पाठीत दिसलं होतं. तिने चहाचे पैसे ठेवले आणि रस्ता ओलांडला. उंबऱ्यावर पाऊल टाकताना तिने सवयीने खाली मान घातली.

हिएन, म्हणजे दुकानदार, पस्तिशीचा हसरा माणूस होता. त्याने लगेच स्टूल पुढे केलं. "या काकू, बसा. तुमच्या चिरंजीवांना समजवा जरा. मशीन घेताहेत की सोयरीक जुळवताहेत? एवढं तर मी बायको बघतानाही बघितलं नव्हतं."

लुआ हसली नाही. ती खिएमच्या शेजारी खाली बसली. "काय झालं?"

खिएमने आधी एकच गोष्ट मागितली, की ते रंगीत दिवे बंद करा. हिएन म्हणाला, अहो दिव्यांमुळेच तर शोभा आहे. खिएम म्हणाला, दिव्यांमुळेच काही दिसत नाही. थोडी कुरकुर करून हिएनने दिवे बंद केले, आणि त्या डब्याचा सगळा रुबाब एकदम उतरला. खिएमने फोनचा उजेड काचेतून आत टाकला आणि आईला एकेक भाग दाखवला. कार्डाचं वरचं कवच कोरं करकरीत होतं. पण आतल्या पट्ट्या काळवंडलेल्या होत्या, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते, आणि कडेला तेलासारखा एक ओशट ओघळ होता.

"कवच बदललंय, पंखेही बदललेत," तो तिच्या कानाशी म्हणाला. "वर्षभर भट्टीत भाजल्याशिवाय कार्डाच्या आतल्या पॅडमधलं तेल असं पाझरत नाही. आणि वीज पुरवणारा डबा बघ, त्याच्यावर नावच नाही. काचेतून दिसतं ते सगळं महागाचं, पाठीमागे लपतं ते सगळं स्वस्तातलं."

बडा घर पोकळ वासा, एवढं लुआला कळलं. बाकीचं तिच्या डोक्यावरून गेलं.

"मग नको ना?" ती म्हणाली.

"तेच कळत नाहीये. कदाचित मलाच सगळीकडे म्हैस दिसतेय. मागच्या वेळी ठेवायचा नव्हता तिथे मी भरवसा ठेवला. आता जिथे ठेवायचा तिथे मला ठेवता येत नसेल."

हिएनच्या कानावर यातलं थोडं गेलं असावं. तो पुढे येऊन म्हणाला की नग दाखवायला मांडलेला आहे, पुसताना ओरखडे पडतात. आणि ओघळ म्हणाल तर तो उदबत्तीचा चिकटा. रोज देवापुढे धूर होतो ना. लुआने देव्हाऱ्याकडे पाहिलं. तो चांगला दहा पावलांवर, जमिनीलगत होता. उदबत्तीचा धूर काचेतून आत शिरून नेमका कार्डाच्या कडेला बसत असेल तर देवाचीच करणी म्हणायची.

"चालवून बघतो," खिएम म्हणाला.

त्याने यंत्र सुरू केलं आणि एक चाचणी लावली. पडद्यावर घनदाट रान फिरू लागलं, पान न् पान हलत होतं. कोपऱ्यात एक आकडा होता. तो कार्डाचा ताप, असं खिएमने सांगितलं. आकडा चढायला लागला. आधी पंखे गुणगुणत होते, मग घोंघावायला लागले, मग देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा धूरही थरथरतोय असं लुआला वाटलं. तापलेल्या मुलाच्या काखेत थर्मामीटर लावून बसावं तशी ती त्या आकड्याकडे बघत होती.

"झालं की, चालतंय छान," हिएन म्हणाला. "इतका वेळ इतकं ताणून कोण चालवतं हो?"

"मी चालवतो," खिएम म्हणाला. "रोज, दिवसभर."

रान अडखळलं. एक झाड अर्धं दिसलं, अर्धं नाहीसं झालं. मग पडद्यावर हिरव्या चौकटी पसरल्या आणि सगळं थिजून उभं राहिलं. हिएनने चटकन हात पुढे करून यंत्र बंद केलं. सकाळची वेळ, विजेचा दाब कमी-जास्त होतो, असं तो पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम होता. मग त्याने आपणहून भाव उतरवला, कुणी न मागता. भवानीचं गिऱ्हाईक म्हणून, म्हणाला. हसताना त्याचा आवाज कापरा झाला. गेले दोन महिने दुकानाचं भाडंही निघालेलं नाही, आजची प्रतिपदा तरी कोरडी जाऊ नये, एवढंच मागणं आहे, असं तो बोलून गेला. हा माणूसही घाबरलेला आहे, हे लुआच्या तेव्हा लक्षात आलं.

खिएमने आईकडे पाहिलं. त्याचे कान आता लाल नव्हते. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे स्थिर होते. "म्हैसच आहे," तो हळू म्हणाला. "माझी खात्री झाली. नको."

तेवढ्यात आतल्या पडद्याआडून हिएनची आई बाहेर आली. म्हातारीचं नाव कुक. एके काळी मासळीबाजारात बसायची, आता मुलाच्या दुकानातल्या देव्हाऱ्याचं बघायची. केळी नीट मांडता मांडता तिने वळून पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला.

"ही कोण? शेवयावाली लुआ ना?"

लुआ उभी राहिली. "हो आजी."

"प्रतिपदेला? भवानीच्या आधी?" म्हातारीने मुलाकडे पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हिएनला म्हणाली, "आणि तू हिला स्टूल दिलंस."

हिएन बाजारात वाढलेला नव्हता, त्याला लुआचं नाव ठाऊक नव्हतं. पण आईच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं समजलं आणि त्याचे खांदे पडले. म्हातारीने देव्हाऱ्यामागे हात घातला. जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा आणि लायटर काढून तिने पदराआड धरावेत तसे मुठीत धरले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ही माणसं बाहेर पडण्याची ती वाट बघणार होती. तेवढी सभ्यता तिच्यात होती.

लुआने ते पाहिलं. खिएमने लुआला ते पाहताना पाहिलं.

"आम्ही घेतो," खिएम म्हणाला.

हिएनने मान वर केली. "काय?"

"हा कॉम्प्युटर. घेतो आम्ही. भवानी झाली समजा. खोकं आहे ना?"

हिएन खोक्यासाठी वळलासुद्धा. म्हातारीची मूठ सैल झाली. लुआ मात्र मुलाच्या कानांकडे बघत होती. ते पुन्हा पेटल्यासारखे लाल झाले होते. आपल्या मुलाने यंत्रातली खोट ओळखली, खात्री केली, आणि तरी तिच्यासाठी ते विकत घ्यायला तो तयार झाला, हे तिला समजलं, आणि तिला इतकी लाज वाटली की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. जडपणा तिचा होता. तो आता या पोराच्या मानेवर बसत होता.

"थांबा," ती म्हणाली. "खोकं काढू नका."

"आई, राहू दे. चालेल हे. मी भागवेन."

"किती दिवस?"

त्याने पुन्हा डब्याकडे पाहिलं.

"किती दिवस चालेल ते सांग."

"माहीत नाही. आठवडा. कदाचित पंधरा दिवस."

"आणि मग? पुन्हा भिंतीकडे तोंड?" लुआने आवाज चढवला नाही. "ठरवता येत नाही म्हणून तू मला आत बोलावलंस. मी इथे बसून काही ठरवलं नाही. तुझं तूच ठरवलंस, आणि बरोबर ठरवलंस. आता ते माझ्यापायी मोडू नकोस."

"सोमवारी काय सांगू त्यांना?"

"जे आहे ते सांग. काम गेलं तर जाईल. या डब्यावर ते गेलंच असतं." मग ती हिएनकडे वळली. "दादा, तुमचा महिना चांगला जावो. मनापासून म्हणते. पण हे यंत्र मी नेणार नाही."

हिएनने हळूच दिव्यांचं बटण दाबलं, आणि डबा पुन्हा निळा-जांभळा झगमगायला लागला. कुक म्हातारीची मूठ पुन्हा आवळली गेली. आता ही बाई पाठ फिरवील, मग दोन पावलं, मग आपण. वर्षानुवर्षं चालत आलेला क्रम होता.

लुआने पाठ फिरवली नाही. ती सरळ म्हातारीपुढे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"द्या आजी."

"काय द्या?"

"कागद. तुम्ही कशाला वाकता? गुडघे दुखत असतील. माझी छाया आहे, मीच घालवते."

म्हातारी बघतच राहिली. ज्याची छाया घालवायची त्यानेच कागद मागितला तर काय करायचं, हे तिला मासळीबाजाराने शिकवलं नव्हतं. तिच्या बोटांतून कागद कसा सुटला हे तिलाही कळलं नसेल. लुआने तो घेतला, लायटर घेतला, आणि उंबऱ्यापाशी गेली. पहिल्यांदा लायटर पेटला नाही, दुसऱ्यांदाही नाही. खिएम मागून आला आणि त्याने वाऱ्याच्या बाजूला आपला तळहात आडोशाला धरला. कागद पेटला.

चांगलं ते राहू दे, वाईट ते जाऊ दे, असं तिने सगळेजण म्हणतात तसंच म्हटलं आणि कागद उंबऱ्यावरून ओवाळला.

इतकी वर्षं तिच्या पाठीमागे कागद पेटत आले होते. तिला यायचा तो फक्त वास, कोपऱ्यावर वळता वळता. पाऊल झपाट्याने उचलायचं, मागे बघायचं नाही. तो जाळ कसा असतो ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला नेहमी वाटायचं की तो मोठा असेल, दारभर असेल. आता तिने बघितला तर एवढासा होता. अर्ध्या हाताचा कागद, बोटभर ज्योत, आणि खाली पडेपर्यंत विझलीसुद्धा.

लुआ त्या काळ्या राखेकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने लायटर म्हातारीच्या हातात नेऊन दिला, हिएनला नमस्कार केला आणि बाहेर पडली. ती घाईने चालली नाही. खिएम दोघांची हेल्मेटं घेऊन तिच्यामागून आला. तो स्कूटरच्या किल्लीशी उगाच चाळा करत राहिला.

"आई," तो म्हणाला, "पुलापलीकडे आणखी एक दुकान आहे."

"उघडलंय?"

खिएमने घड्याळात पाहिलं. "आत्ता उघडत असेल. कुणी आलं नसेल अजून."

लुआने हेल्मेट डोक्यावर घातलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. "मग चल लवकर," ती म्हणाली, आणि त्याच्यामागे बसली.